हळदीत वाजलेली हाक

गेली सोळा वर्षं मी एकटा वाजवतो. त्याआधी आमची आठ जणांची बेंजो पार्टी होती. शहापूर तालुक्यात लग्नसराईत आम्हाला बसायला वेळ नसायचा. मग डीजे आले आणि पार्टी दोन वर्षांत फुटली. कुणी आसनगावहून पास काढून कल्याणला नोकरीला जायला लागला, कुणी रिक्षा घेतली. मी कीबोर्ड घेतला. ढोलकी, ताशा, संबळ, सगळं त्याच्या पोटात असतं. एका बटणावर ठेका सुरू होतो. गाणारा मी, वाजवणारा मी, 'यानंतर सादर करीत आहोत' असं म्हणणाराही मीच. करीत आहोत म्हणायचं, आणि मागे कुणी नसतं.

कीबोर्ड गोधडीत गुंडाळून, वरून प्लास्टिक बांधून, मोटारसायकलला आडवा लावतो. स्पीकर गाववाले टेम्पोतून आणतात. किन्हवलीवरून सरळगाव, तिथून मुरबाड, पुढे म्हसा, धसई. इकडे डोळखांब. या रस्त्यांवरचे खड्डे मला गाण्यातल्या जागांसारखे पाठ आहेत. गावात पोचलं की जनरेटरच्या शेजारी जागा मिळते. नाव कुणी विचारत नाही. 'ओ कीबोर्ड' अशी हाक मारतात. 'ओ कीबोर्ड, आवाज कमी करा, नवऱ्याचे मामा भाषण करतायत.' 'ओ कीबोर्ड, तुमी शेवटच्या पंगतीला बसा.' पहिली काही वर्षं राग यायचा. नंतर मी त्या हाकेला वळून बघायला लागलो, तेव्हा जास्त राग आला.

हे सगळं सांगायचं कारण, पुढे जे झालं त्याला मी या धंद्याला दोष देत आलो. बायकोला तसंच सांगितलं, भावाला तसंच सांगितलं. आता लिहायला बसलोय तर नीट लिहितो.

माझी एक काकी आहे, माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. आमची दोन घरं एका पडवीला लागून होती. काकीला एकच मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दिवसभर आम्ही ओहोळावर, शेतात, चिंचेखाली. दिवस मावळायला लागला की काकी मागच्या दारात उभी राहून तिला हाक मारायची. तिची हाक लांबलचक असायची.

'दिस बुडाला गो बाय, घरा ये.'

ती शब्द असे ओढायची की 'ये' खालच्या खाचरापर्यंत पोचायचा. मग मुलगी पळत सुटायची आणि मीही तिच्या मागे.

मुलगी चार वर्षांची असताना तापाने गेली. भादव्याचे दिवस होते, वाट चिखलाची, रस्त्यापर्यंत न्यायलाच दुपार झाली. काकाने तिला खांद्यावर घेतलं होतं. शहापूरला पोचायच्या आधीच सगळं संपलं. मी तेव्हा सहा वर्षांचा. मला आठवतं ते एवढंच, की काका परत आला तेव्हा त्याने ती तशीच खांद्यावर घेतली होती, आणि मला वाटलं ती झोपलीय.

त्यानंतर काही दिवसांनी काकी पुन्हा मागच्या दारात उभी राहायला लागली. वेळ तीच, हाकही तीच. मुलगी जिवंत असताना ती नुसती हाक होती, आता तिला चाल आली. काकी एकेक ओळ वाढवत गेली.

'दिस बुडाला गो बाय, घरा ये,
भात निवला गो बाय, घरा ये.'

भात खरंच वाढलेला असायचा, छोट्या पितळीत. मी एकदा विचारलं, काकी कुणाला बोलावते? आईने मला आत ओढलं. 'तिला टोकू नको. गाऊ दे,' एवढंच म्हणाली. वर्ष-दीड वर्ष काकी रोज गात होती. मी पडवीत पाटी घेऊन बसायचो आणि ऐकायचो. मला सूर कळतो हे मला तिथं समजलं. पुढं मी पेटी शिकलो, बेंजो शिकलो, पण कान तयार झाला तो त्या दारात. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

काका गेल्यावर काकी माहेरी राहायला गेली, म्हशाजवळच्या गावात, भावाकडे. वर्षा-दोन वर्षांनी कुणाच्या लग्नात भेटायची. माझ्या तोंडावरून हात फिरवायची, विचारायची, 'वाजवतोस ना रे अजून?' मी हो म्हणायचो. बास, एवढंच.

आता ती संध्याकाळ. सरळगावच्या अलीकडे एक गाव आहे, तिथं हळद होती. सूर्य नुकताच गेलेला, बायका हळद लावत होत्या, आणि माझ्यासमोर चार-पाच पोरं सोडली तर कुणी नाही. एकट्याच्या कार्यक्रमाला हीच भीती असते. पार्टीत आठ जण असतात, लोक उठून गेले तरी आपण एकमेकांकडे बघून वाजवतो. एकट्याने कुणाकडे बघायचं? मी एकामागून एक गाणी काढत होतो, लोक जेवणाच्या मांडवाकडे सरकत होते. नवऱ्याचा मामा आला. भला माणूस, पण घेतलेली होती.

'ओ कीबोर्ड, ही सगली डीजेवर ऐकलीत आमी. आपल्या इकडचं कायतरी काढा ना. कुणी ऐकलं नसंल असं.'

मी स्वतः बांधलेल्या चाली माझ्याकडे वीस-पंचवीस होत्या. सगळ्या वाजवून बघितल्या होत्या, एकीवरही कुणी मान हलवली नव्हती. मी हात पट्ट्यांवर ठेवले आणि बोटांनी काकीची चाल काढली. मी ठरवलं नव्हतं, हे खरं. पण त्याच्याखाली हळदीचा ठेका लावला तो मी ठरवून लावला, हेही खरं. चाल दुप्पट वेगात गेली. आणि तोंडातून शब्द आले,

'हलद लागली गो बाय, मांडवा ये.'

पोरं वळली. दुसऱ्या ओळीला बायका हळदीच्या हातांनी उठल्या. तिसऱ्यांदा वाजवलं तेव्हा जेवणाचा मांडव रिकामा झाला होता. मामाने मला मिठी मारली. त्या दिवशी मला पहिल्या पंगतीला बसवलं.

लोकांना ते पोराने पोरीला मारलेली हाक वाटली. 'गो बाय, ये' म्हटल्यावर दुसरं काय वाटणार? पोरं मुलींच्या घोळक्याकडे हात करून ती ओळ म्हणायची. दोन-तीन महिन्यांत सुपारी द्यायला येणारा आधी विचारायला लागला, 'ते गो बाय तुमीच वाजवता ना?' मी हो म्हणायचो. मी आणखी दोन कडवी जोडली, एक गजऱ्याचं, एक मोटारसायकलचं. ते म्हणताना मला मागचं दार आठवायचं का? पहिल्या चार-पाच वेळा आठवलं. नंतर नाही आठवलं. रोज वाजवलं की गाण्याला मागचं काही उरत नाही, नुसत्या पट्ट्या उरतात.

मग कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं गाणं मुरबाडकडच्या एका डीजेवाल्याने उचललं. खाली भुईकंपासारखा बेस घातला, मध्ये कुठल्यातरी बाईचं हसणं घातलं. त्या सीझनला प्रत्येक वरातीत तेच. मी एका साखरपुड्यात माझं गाणं वाजवलं तर एक पोरगी पुढे येऊन कौतुकाने म्हणाली, 'काका, तुमी डीजेचं मस्त कॉपी केलंय.'

मी दुसऱ्याच दिवशी त्या डीजेवाल्याकडे गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये छातीएवढे स्पीकर रचलेले, तो एका खोक्यावर बसून वायर सोलत होता. माझ्याहून वीस वर्षांनी लहान असेल. उठून खुर्ची दिली.

मी म्हटलं, 'ते गाणं माझं आहे.'

'तुमचं म्हंजे? तुमी लिवलंय?'

'आमच्या घरचं आहे.'

'घरचं म्हंजे कुणाचं?'

मी रचलेल्या स्पीकरांकडे बघितलं. तो वायर सोलत म्हणाला, 'बघा, ही गाणी कुणाचीच नसतात. ज्याच्या स्पीकरवर वाजलं त्याचं. तुमचं हाय तर दाखवा ना. घरात कुणी म्हणणारं असंल तर त्यांचा व्हिडिओ टाका. मी नाव देतो तुमचं, मला काय.'

त्याने चहा मागवला. तो मला चोर वाटला नाही याचाच मला जास्त संताप आला. रस्ताभर मी त्याला शिव्या देत आलो. माझं गाणं, माझी चाल, माझ्या घरचं. किन्हवलीच्या पुढे गाडी लावून एका टपरीवर बसलो, आणि तिथं मला सुचलं की काकी आहे. काकीने मोबाइलसमोर म्हटलं की झालं. सगळ्यांना कळेल ते कुठून आलं. मी स्वतःला असंही सांगितलं की काकीला बरं वाटेल. तिच्या गाण्यावर दोन तालुके नाचतात.

काकीच्याच गावातून एका साखरपुड्याची सुपारी आली तेव्हा मला वाटलं, चांगलं जुळून आलं. सकाळी अकराचा कार्यक्रम होता. मी तासभर आधी जाऊन काकीच्या भावाच्या घरी गेलो. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी पाया पडलो.

'काकी, आज माझा प्रोग्राम आहे तुमच्या गावात. तू यायचंच. पुढं बसायचं.'

'मी कशाला रे? पोरांचं काम ते.'

'तुझ्यासाठी एक आहे.'

ती हसली. आत जाऊन हिरवं लुगडं नेसून आली. मी तिला मोटारसायकलवर बसवून मांडवात नेलं, पहिल्या रांगेत खुर्ची दिली. त्या दिवशी सोबत आणलेल्या माझ्या भाच्याला सांगून ठेवलं होतं की मोबाइल काकीवर धर. अंगठ्या झाल्या, पेढे झाले, मी माईक घेतला.

'आता जे गाणं सादर करतोय ते तुम्ही सगळ्यांनी डीजेवर ऐकलंय. पण ते कुणाचं आहे ते तुम्हाला माहीत नाही. ज्यांच्याकडून मला ते मिळालं त्या माझ्या काकी, याच गावच्या लेकी, आज समोर बसल्या आहेत.'

टाळ्या पडल्या. काकी मागे वळून बघायला लागली, टाळ्या कुणासाठी आहेत ते. मी ठेका सुरू केला.

पहिली ओळ तिला कळली नाही, माझे शब्द वेगळे होते. ती मान डोलवत होती, कौतुकाने. दुसऱ्यांदा चाल आली तेव्हा मान थांबली. मी समोरच होतो, सहा हातांवर. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. लांबून कुणी येताना दिसावं आणि ओळख पटू नये, तसं.

तेवढ्यात बायकांनी तिला हाताला धरून उठवलं. 'काकी, तुमचं गाणं ना, नाचा की.' गोल झाला. ती मधोमध उभी, दोन्ही हात छातीशी, मुठी वळलेल्या. पोरं तिच्याभोवती 'गो बाय, ये' म्हणून उड्या मारत होती. कुणीतरी तिच्या डोक्यावरून नोट ओवाळली. परक्याचं शुभकार्य, नाही कसं म्हणायचं? तिने डावा पाय पुढे टाकला, मग उजवा. दोन पावलं. मग तशीच उभी राहिली.

मला थांबवता आलं असतं. एक बटण असतं, डाव्या हाताच्या अंगठ्याखाली. लाइट गेली, वायर निघाली, काहीही म्हणता आलं असतं. मी गजऱ्याचं कडवं घेतलं, मग मोटारसायकलचं घेतलं. भाचा मोबाइल धरून उभा होता आणि मला वाटत होतं व्हिडिओ पूर्ण झाला पाहिजे.

गाणं संपेपर्यंत काकीची खुर्ची रिकामी झाली होती.

तीन वाजता सामान बांधून मी तिच्याकडे गेलो. ती चुलीपुढे होती, लुगडं बदललेलं. चहा ठेवला. मी पाटावर बसलो. चहाला उकळी आली. मग तिनेच विचारलं.

'तू ते कदी घेतलंस रे?'

'लहानपणी. पडवीत बसायचो ना.'

'तुला म्हाईत व्हतं ना ते कुनाचं ते?'

'हो.'

'मग ठीक हाय,' ती म्हणाली. 'मला वाटलं, तुला म्हाईत नसंल.'

तिने कपात चहा ओतला. मी म्हणालो, चुकलं. ती म्हणाली, चहा घे. आणि मग मी ते केलं जे मला आजवर बायकोला सांगता आलेलं नाही. मी खिशातून मोबाइल काढला आणि म्हणालो, 'काकी, एकदा तू म्हण. जुनं, जसं म्हणायचीस तसं. मी ते नीट जपून ठेवतो.' त्या क्षणी मला खरंच जपायचं होतं. पण डीजेवाल्याचं ते शेडमधलं बोलणंही डोक्यात होतं. दोन्ही होतं.

तिने नाही म्हटलं नाही. हात पदराला पुसले, दाराकडे तोंड केलं. 'दिस...' म्हणाली आणि थांबली. पुन्हा सुरू केलं. ओळ आली, पण तुटक तुटक, उडी मारत, माझ्या ठेक्यात. तिचा हात मांडीवर पडत होता, माझ्या ठेक्यात. तिला ते कळलं, तिने हात दुसऱ्या हाताने धरला. पुन्हा म्हणून बघितलं.

'नाय येत रे,' ती म्हणाली. 'तोंड उघडलं का ती तुजी धाडधाडच येते.'

'मी म्हणतो. मला येतं,' मी म्हणालो. डोळे मिटून, ठेका सोडून, जमेल तेवढं लांबवून म्हटलं. सूर बरोबर होते, मी पोटासाठी सूर लावतो, ते चुकत नाहीत. दोन्ही ओळी म्हटल्या.

ती ऐकत होती. शेवटी मान हलवली. 'असं नव्हतं.'

'मग कसं होतं?'

'तेच तर.'

मी आणखी दोनदा म्हटलं, थोडं वर, थोडं खाली. ती म्हणाली, 'असू दे आता.' उठून बाहेर गेली, वाळत घातलेले तांदूळ गोळा करायला लागली. मी मोबाइल बंद केला.

घरी येऊन त्या दिवशी मी बायकोला एवढंच सांगितलं की काकीला गाणं आवडलं नाही. ती म्हणाली, 'म्हाताऱ्या माणसांना हे धांगडधिंगे कुठं आवडतात.' मी हो म्हटलं. भाच्याने घेतलेला व्हिडिओ मी कुठेही टाकला नाही. पण त्या मांडवात पन्नास मोबाइल होते. दोन दिवसांत काकी नाचतेय असा तुकडा सगळीकडे फिरला, खाली लोकांनी लिहिलं होतं की या वयातही काय उत्साह. डीजेवाल्याचा फोन आला. 'बघितलं मी. तुमचंच हाय, मान्य. नाव देऊ का?' मी नको म्हटलं. त्याला वाटलं मी रागावलोय, त्याने माफी मागितली.

त्यानंतर मी ते गाणं बंद केलं. पहिल्या गावात फर्माईश आली तेव्हा सांगितलं, तयारी नाही. दुसऱ्या गावात सांगितलं, घसा बसलाय. तिथं एक म्हातारा हसून म्हणाला, 'घसा बसला तर बाकीची कशी म्हनता?' तिसऱ्या गावात वाजवलं. हे मी अभिमानाने लिहीत नाही, पण दुसरं कुणी भाग पाडलं असंही लिहीत नाही. लोक उठून जायला लागले होते, मी एकटा होतो, आणि मला ती चाल येत होती.

गेल्या हिवाळ्यात म्हशाच्या जत्रेत एका मंडळाच्या स्टेजवर माझा कार्यक्रम होता, दुपारी चारचा. मी आधी बैलबाजाराच्या कडेने फिरत होतो तर घोंगड्यांच्या पालाशी काकी दिसली. भावाच्या सुनेबरोबर आली होती, घोंगडीचा काठ बोटांनी चाचपून बघत होती. वाकली होती आता. मी समोर गेलो. तिने नेहमीसारखा तोंडावरून हात फिरवला. बायकोची चौकशी केली, पोरं कितवीला आहेत विचारलं. भात झाला का, किती झाला. सगळं विचारलं. वाजवतोस ना रे अजून, हे मात्र विचारलं नाही.

मी म्हटलं, 'चल, काहीतरी खाऊ. गरम भजी काढतायत तिकडं.'

'नको. तू जा. तुजा टाइम व्हईल.'

'आहे अजून वेळ.'

'आमची जीप सुटंल,' ती म्हणाली आणि पालवाल्याकडे वळून भाव करायला लागली. मी थोडा वेळ उभा राहिलो. सुनेने माझ्याकडे बघून ओशाळवाणं हसून घेतलं. मग मी निघालो.

स्टेजवर तिसऱ्या गाण्यानंतर खालून 'गो बाय' अशी आरोळी आली. काकीची जीप तोवर सुटली असेल, असं मी धरून चाललो. जत्रेतल्या जीपा भरल्याशिवाय हलत नाहीत, हे मला माहीत आहे. मी ठेक्याचं बटण दाबलं.